हक्क गेला, जिव्हाळा राहिला

विमानाचा इतिहास मुलांना सांगताना आपण बहुधा राइट बंधूंपाशी थांबतो. १७ डिसेंबर १९०३, अमेरिकेतल्या किटी हॉकचे वाळूचे मैदान आणि बारा सेकंदांचे ते पहिले उड्डाण. तिथे धडा संपतो. पण त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, २९ जुलै १९०४ रोजी, पॅरिसमध्ये पारशी वडील आणि फ्रेंच आई यांच्या घरी एक मुलगा जन्मला. भारतातल्या विमानसेवेची गोष्ट त्याच्यापासून सुरू होते. त्याचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच आपले जेआरडी.

त्यांचे बालपण बरेचसे फ्रान्समध्ये गेले. उत्तर फ्रान्समध्ये समुद्रकाठी हार्डेलो नावाचे गाव आहे. सुट्टीत टाटा कुटुंब तिथे राहायला जाई, आणि शेजार होता लुई ब्लेरिओ यांचा! १९०९ साली इंग्लिश खाडी विमानातून प्रथम ओलांडणारा हाच तो माणूस. त्याच्यामुळे हार्डेलोच्या पुळणीवर विमाने उतरत. आपल्याकडची मुले जशी जत्रेतल्या पाळण्याभोवती घुटमळतात, तसा हा मुलगा त्या विमानांभोवती घुटमळे. पंधराव्या वर्षी त्याला विमानात बसून एक फेरी मारायला मिळाली आणि आपण वैमानिक व्हायचे, हे त्याने मनाशी पक्के केले.

इच्छा पुरी व्हायला मात्र दहा वर्षे जावी लागली. मधल्या काळात आई क्षयाने गेली. केंब्रिजला जाऊन इंजिनिअर व्हायचे मनात होते, तेही राहून गेले. वडिलांनी मुंबईला बोलावून घेतले. १९२६ साली वडीलही गेले आणि बाविसाव्या वर्षी घरची जबाबदारी अंगावर आली. मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला तेव्हा जेआरडी शिकणाऱ्यांत पुढे होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

पुढच्याच वर्षीची एक हकीकत प्रत्येक घरात मुलांना सांगावी अशी आहे. इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. जेआरडी कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनिअर नावाचा कोवळा तरुण इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. दोघे आपापल्या दिशेने उडाले आणि बक्षीस मिळाले अस्पीला! जेआरडी थोडक्यात मागे राहिले. हाच अस्पी पुढे भारताचा हवाईदलप्रमुख झाला.

नेव्हिल विन्सेंट या वैमानिकाने टाटांपुढे टपाल विमानसेवेची योजना मांडली होती. सरकार पैशाची मदत देईना, घरची वडीलधारी मंडळीही फारशी राजी नव्हती. अखेर दोन लाख रुपयांच्या भांडवलावर काम सुरू झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी लहानसे पस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले. बरोबर सुमारे २५ किलो टपाल. वाटेत अहमदाबादला इंधन भरायचे होते. ते डबे आले बैलगाडीतून! दुपारी विमान मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले आणि तिथून विन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासकडे नेले. जुहूचे ते मैदान असे, की पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे.

त्या काळी आमची परभणी निजामाच्या राज्यात होती. आजही इथून विमान सुटत नाही. नांदेड गाठावे लागते. तरीही ही गोष्ट मला आपली वाटते ती तिच्या उत्तरार्धामुळे.

टपालाच्या त्या दोन विमानांतून एअर इंडिया उभी राहिली. ८ जून १९४८ रोजी तिचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्यानंतर पाच वर्षांतच, १९५३ साली, सरकारने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. जेआरडींचा त्याला विरोध होता. पंडित नेहरूंशी स्नेह असूनही आपल्याला विश्वासात घेतले नाही, याचा त्यांना विषाद वाटला. दुसरा कोणी असता तर किल्ल्या टेबलावर ठेवून चालता झाला असता. जेआरडींनी मात्र सरकारी एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि ते १९७८ पर्यंत, जवळजवळ २५ वर्षे, पगार न घेता सांभाळले. टाटा समूहाचा प्रचंड कारभार अंगावर होताच. तरीही विमानाने प्रवास करताना त्यांची नजर पडद्यांवर, ताटांवर, चहाच्या रंगावर फिरे, आणि काही खटकले की उतरल्यावर त्याची टिपणे जात.

मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या बँकेचे राष्ट्रीयीकरण होऊन बारा-तेरा वर्षे झाली होती. शाखेत एक वाक्य वरचेवर कानावर पडे: सरकारी आहे, आपल्या बापाचे काय जाते! दिवसभर जळणारा दिवा असो, फाटके लेजर असो किंवा सकाळपासून ताटकळलेला शेतकरी असो, प्रत्येकावर हेच उत्तर. म्हणूनच जेआरडींची ती २५ वर्षे मला त्यांच्या पहिल्या उड्डाणाहून मोठी वाटतात. जे खरोखर त्यांचे होते, ते काढून घेतले गेले होते. बापाचे काय जाते, असे म्हणण्याचा हक्क कोणाला असेल, तर त्यांनाच होता.

त्याचे फळ काय मिळाले? १ जानेवारी १९७८ रोजी ‘सम्राट अशोक’ हे एअर इंडियाचे विमान मुंबईजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. महिन्याभरात जेआरडींना पदावरून दूर करण्यात आले. ही बातमीसुद्धा त्यांना आधी सरकारकडून नव्हे, तर त्यांच्या जागी नेमलेल्या अध्यक्षांकडून कळली. मुलांना ही गोष्ट सांगताना हा भाग गाळू नये, असे मला वाटते. चांगले काम केले की बक्षीस मिळतेच, असे शिकवलेली मुले पहिल्याच अन्यायाला खचतात.

जेआरडी खचले नाहीत. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, त्या पहिल्या टपालाला ५० वर्षे झाली त्या दिवशी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी जुन्या धाटणीचे लहान विमान कराचीहून मुंबईपर्यंत स्वतः चालवत आणले. १९९२ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि जिथे जन्मले त्या पॅरिसमध्येच त्यांचे दफन झाले.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. ते पाहायला जेआरडी नव्हते. पण मालकी असती तरच काम मनापासून करायचे, असा त्यांचा हिशेब कधी नव्हताच. तसा असता, तर अबुकीरला ते प्लग त्यांच्या खिशातच राहिले असते.