फ्रान्सिस बोफर्ट

सर फ्रान्सिस बोफर्ट (२७ मे, १७७४ – १७ डिसेंबर, १८५७) हे ब्रिटिश नौदलातील अधिकारी व जलसर्वेक्षक होते. वाऱ्याचा जोर ० ते १२ अशा अंकांत सांगणारी बोफर्ट श्रेणी त्यांच्या नावाने ओळखली जाते.

प्रारंभिक जीवन

बोफर्ट यांचा जन्म आयर्लंडमधील मीथ परगण्यातील नॅव्हन या गावी झाला. त्यांचे वडील डॅनियल ऑगस्टस बोफर्ट हे धर्मोपदेशक होते; त्यांनी १७९२ साली आयर्लंडचा नकाशा प्रसिद्ध केला. फ्रान्सिस यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडून समुद्राची वाट धरली. १७८९ मध्ये ते ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर होते, ते व्हॅन्सिटार्ट हे जहाज आग्नेय आशियातील गास्पर सामुद्रधुनीत फुटले. त्यातून ते बचावले. मात्र अपुऱ्या सागरी नकाशांमुळे माणसांच्या जिवावर कसे बेतते, याचा अनुभव त्यांना लहान वयातच आला.

नौदलातील कारकीर्द

१७९० साली ते नौदलात दाखल झाले. १८०० मध्ये स्पेनच्या मालागा बंदराजवळील चकमकीत ते गंभीर जखमी झाले. प्रकृती सुधारत असताना त्यांनी आपले मेहुणे रिचर्ड लव्हेल एजवर्थ यांच्यासमवेत डब्लिन ते गॉलवे या संदेशवहन मार्गाच्या उभारणीत भाग घेतला. १८११–१२ मध्ये त्यांनी तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याचे सर्वेक्षण केले. तेथे झालेल्या हल्ल्यात त्यांना गोळी लागली व ते काम थांबले.

वाऱ्याची श्रेणी

त्या काळी जहाजाच्या नोंदवहीत वाऱ्याचे वर्णन ज्याच्या त्याच्या अनुभवावर अवलंबून असे. एका कप्तानाला जो वारा सोसाट्याचा वाटे, तोच दुसऱ्याला साधारण वाटे. त्यामुळे दोन जहाजांवरील नोंदींची तुलना करणे कठीण होते. वुलविच या जहाजावर असताना जानेवारी १८०६ मध्ये बोफर्ट यांनी आपल्या दैनंदिनीत वाऱ्याची अंकवार यादी लिहिली. अशा याद्या त्यांच्यापूर्वीही होत्या. अलेक्झांडर डॅलरिंपल यांची यादी त्यांपैकी एक होय. बोफर्ट यांनी प्रत्येक अंकाची सांगड जहाजाच्या शिडांशी घातली. मंद वाऱ्यात सर्व शिडे उभारलेले जहाज किती वेगाने जाते, जोराच्या वाऱ्यात कोणती शिडे ठेवता येतात, आणि कोणत्या वाऱ्यापुढे एकही शीड टिकत नाही, हे पाहून अंक ठरू लागला.

जलसर्वेक्षण विभाग

१८२९ मध्ये बोफर्ट नौदलाच्या जलसर्वेक्षण विभागाचे प्रमुख झाले. १८५५ पर्यंतच्या त्यांच्या कार्यकाळात जगातील अनेक किनाऱ्यांचे नकाशे तयार झाले. बीगल जहाजाच्या सफरीसाठी निसर्ग-अभ्यासक शोधण्यात त्यांचा सहभाग होता. त्यातूनच चार्ल्स डार्विन यांची निवड झाली. रॉबर्ट फिट्झरॉय यांनी याच सफरीत (१८३१–३६) बोफर्ट श्रेणी वापरली. १८३८ मध्ये ब्रिटिश नौदलाने ती सर्व जहाजांसाठी स्वीकारली.

अखेरची वर्षे व वारसा

१८४८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १८५७ साली त्यांचे निधन झाले. आर्क्टिक महासागरातील बोफर्ट समुद्राला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

बोफर्ट यांच्या श्रेणीत वाऱ्याचा वेग दिलेला नव्हता. वाफेच्या जहाजांमुळे शिडे मागे पडल्यावर लाटांचे रूप, तसेच जमिनीवर धूर, पाने व फांद्यांची हालचाल यांवरून अंक ठरवण्याची पद्धत आली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जॉर्ज सिम्पसन यांनी अंकांची वेगाशी सांगड घातली. त्यानुसार अंक ८ म्हणजे ३४ ते ४० नॉट, तर अंक १२ म्हणजे ६४ नॉट वा अधिक वेग होय. भारतीय हवामानशास्त्र विभाग ज्या ३४ नॉट वेगापासून वादळी प्रणालीला चक्रीवादळ म्हणतो, तेथूनच या श्रेणीतील अंक ८ सुरू होतो. श्रेणीचा अंक वाऱ्याचा सरासरी वेग दर्शवतो; क्षणिक झोत त्याहून बरेच जोरदार असू शकतात. म्हणून सागरी अंदाजांत झोतांचा वेग व वाऱ्याची दिशा स्वतंत्रपणे दिली जाते.