क्लिफर्ड बीअर्स : एका पत्राने वाचवलेला माणूस

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. परिपाठात आपण चार ओळी वाचतो आणि दिवस संपतो. यंदा मुलांना क्लिफर्ड बीअर्स यांची गोष्ट सांगून बघा.

बीअर्स यांचा जन्म ३० मार्च १८७६ रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यात, न्यू हेवन या शहरात झाला. १८९७ मध्ये ते येल विद्यापीठातून पदवीधर झाले. वरवर सगळं ठीक होतं. पण त्यांच्या एका भावाला अपस्मार, म्हणजे आपण ज्याला फिट येणं म्हणतो, तो आजार होता. आपल्यालाही तो होणार, या भीतीने क्लिफर्डना पछाडलं आणि ती भीती त्यांनी मनातच दाबून ठेवली. जून १९०० मध्ये त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले. पायांना मात्र जबर दुखापत झाली.

यानंतरचा भाग नीट वाचा, कारण आजारी मन कसं चालतं हे इथे दिसतं. दवाखान्याच्या खिडकीला गज दिसले, तर त्यांना वाटलं आपण तुरुंगात आहोत. पायाला गरम शेक दिला, तर तो गुन्हा कबूल करून घेण्यासाठी चाललेला छळ वाटला. बोलणं जवळपास बंद झालं. भेटायला येणारा सख्खा भाऊ जॉर्जसुद्धा त्यांना खरा वाटेना. भावाचं सोंग घेऊन आलेला हा गुप्तहेर आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. अशी दोन वर्षं गेली.

मग त्यांनी स्वतःच एक परीक्षा घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या एका रुग्णाकडून जॉर्जच्या घराचा पत्ता तपासून घेतला आणि त्या पत्त्यावर गुपचूप पत्र पाठवलं. पुढच्या भेटीला येताना हेच पत्र सोबत आणायचं, असं त्यात लिहिलं होतं. गुप्तहेराकडे ते पत्र असणार कुठून? ३० ऑगस्ट १९०२ रोजी जॉर्ज आला आणि त्याने खिशातून ते पत्र काढून दाखवलं. दोन वर्षांचा संशय त्या क्षणी गळून पडला. समजावून सांगणारे पुष्कळ होते हो, पण पटलं ते स्वतः पडताळून पाहिल्यावरच.

आजार मात्र तेवढ्यावर संपला नाही. मन आता दुसऱ्या टोकाला गेलं. अखंड बोलणं, हाती येईल त्या कागदावर लिहिणं, डॉक्टरांशी भांडणं. याचं उत्तर म्हणून त्यांना हात जखडून टाकणारा अंगरखा घातला गेला, कोठडीत डांबलं गेलं, मारहाणही झाली. तीन वर्षांत त्यांनी तीन रुग्णालयं पाहिली आणि तिथले हाल कळवायला थेट राज्याच्या गव्हर्नरना पत्र लिहिलं. सप्टेंबर १९०३ मध्ये ते घरी आले. १९०५ मध्ये मन पुन्हा फार उत्तेजित झाल्याचं लक्षात येताच ते आपणहून काही दिवस रुग्णालयात जाऊन राहिले. मला तर हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

आपले अनुभव त्यांनी पुस्तकात लिहिले. ‘अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ’ हे पुस्तक १९०८ मध्ये त्यांच्या खऱ्या नावानेच आलं. प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी हस्तलिखित वाचून त्यांना पाठबळ दिलं होतं. त्याच वर्षी कनेटिकटमध्ये आणि १९०९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी राहिली. १९१३ मध्ये न्यू हेवनला असं क्लिनिक सुरू झालं, जिथे दाखल न होता उपचार घेता येत. १९३० मध्ये वॉशिंग्टनला या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पैसा गोळा करण्यापासून पत्रव्यवहारापर्यंत बीअर्स यांनी यासाठी स्वतः राबून काम केलं.

१९३९ मध्ये आजार परतला. ते प्रॉव्हिडन्स शहरातल्या बटलर रुग्णालयात दाखल झाले आणि ९ जुलै १९४३ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. पुढे दहा वर्षांनी, १९५३ मध्ये, त्यांनी सुरू केलेल्या चळवळीतल्या लोकांनी ठिकठिकाणच्या मनोरुग्णालयांतून रुग्णांना जखडायच्या जुन्या साखळ्या आणि बेड्या गोळा केल्या, त्या वितळवल्या आणि त्यातून सुमारे १३६ किलो वजनाची एक घंटा ओतून घेतली.