सर्व्हर गंडला की सगळ्यात आधी आठवतो तो ‘पिंग’ या माणसानं एका रात्रीत लिहिला

लांबच्या सर्व्हरवर लॉगिन होईना की ऍडमिन पहिली कमांड टाकतो ती पिंग. लिहिली माईक मूस या अमेरिकन प्रोग्रामरनं.

१९५८ मध्ये जन्मलेला मूस जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकला आणि मेरीलँडमधल्या अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत लागला. डिसेंबर १९८३ मध्ये तिथलं नेटवर्क विचित्र वागायला लागलं. बिघाड नेमका कुठं, तेच कळेना. मूसनं सोनारची आयडिया उचलली. पाण्यात आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी किती वेळात येतो ते मोजायचं. इथं आवाजाऐवजी छोटंसं पॅकेट. साधारण हजार ओळींचा प्रोग्राम त्यानं एका रात्रीत लिहून काढला. नावही सोनारच्या आवाजावरूनच ठेवलं.

गंमत म्हणजे, त्यासाठी युनिक्सच्या कर्नलमध्येही हात घालावा लागला आणि पिंग चालू होईपर्यंत हार्डवेअरमधला मूळ बिघाड सापडून दुरुस्तही झाला होता. ज्यासाठी लिहिला, तिथं तो वापरलाच गेला नाही!

आज पिंगला उत्तर येतंय पण लॉगिन होत नाही, म्हणजे मशीनपर्यंतचा रस्ता ठीक आहे. गडबड लॉगिनच्या सर्व्हिसमध्ये किंवा फायरवॉलमध्ये शोधायची. उत्तर नाही आलं म्हणून मात्र सर्व्हर मेला असं धरायचं नाही, पुष्कळ ठिकाणी फायरवॉल पिंगच अडवते.

खरंतर मूसचं मोठं काम म्हणजे बीआरएल-कॅड हे त्रिमितीय मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर. पण नाव राहिलं ते पिंगमुळे. २० नोव्हेंबर २००० रोजी मेरीलँडमध्ये महामार्गावरच्या अपघातात तो गेला. वय होतं ४२.