देवळालीचे मास्तर आणि वजाबाकीचा खेळ

मुलुंड सुटलं की पुढचं स्टेशन ठाणे. शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचा मुलगा शिकत होता. जन्म डहाणूचा, 17 जानेवारी 1905 चा. तो आठ वर्षांचा असताना आई गेली आणि वडिलांनी त्याला वाढवलं. वडील कारकून होते, त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषाबद्दल माझं मत नियमित वाचकांना ठाऊक असेलच, पण पत्रिका मांडायला आकडेमोड भरपूर लागते. तिथेच मुलाला आकड्यांची गोडी लागली.

पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, 1927 साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, 1929 साली बी.एस्सी. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. 1930 पासून 1962 पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत राहिले.

मास्तर शाळा सांभाळून आकड्यांशी खेळत. 45 चा वर्ग 2025, आणि 20 अधिक 25 पुन्हा 45. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असं नाव दिलं. 121, 12321 या धाटणीच्या संख्या त्यांना डोंबिवली स्टेशनवर सुचल्या, म्हणून स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून त्या झाल्या डेम्लो संख्या. आपल्याकडच्या काही गणितज्ञांना हे सगळं पोरखेळ वाटे. मास्तर पदरमोड करून छोट्या पुस्तिका छापत राहिले.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला गेला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. मास्तरांचंच जन्मवर्ष घेऊ, 1905. 9510 वजा 0159 म्हणजे 9351. पुढे 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि शेवटी 6174. तिथून हलायचं म्हटलं तरी पुन्हा 6174 च येतो. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या संख्या इथे पोहोचतात. जन्मवर्षाला पूर्ण सात लागल्या.

आरोग्याच्या सदरात हे कशाला? शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की ओपीडीत पोटदुखीची नऊ-दहा वर्षांची मुलं वाढतात. तपासणीत काही सापडत नाही, सुट्टीच्या दिवशी पोट दुखत नाही. पहिल्या पेपरात भाषा आणि गणित मिळून 75 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. घाटकोपर काय, बोरिवली काय, क्लासमध्ये महिनोन्महिने घड्याळ लावून सराव चालतो. परीक्षेला नावं ठेवण्यात मला रस नाही. ज्या घरात फीचीच चिंता, तिथे त्या शिष्यवृत्तीची किंमत मोठी आहे. प्रश्न तयारीच्या रीतीचा आहे.

शून्यावरून उसना घेताना मुलाला दोन-तीन गोष्टी एकदम डोक्यात धराव्या लागतात. मेंदूची ही तात्पुरती पाटी लहान असते, आणि भीती तिच्यावरच जागा अडवते. स्टॅनफर्डच्या 2012 च्या एका अभ्यासात 7 ते 9 वर्षांच्या मुलांचे मेंदू गणित सोडवताना स्कॅन केले गेले. गणिताला घाबरणाऱ्या मुलांत भीतीशी जोडलेलं केंद्र जास्त चाळवलेलं दिसलं, आणि आकडेमोडीत गुंतणारे भाग कमी. येणारं गणित चुकतं ते असं. मग आपण म्हणतो, लक्ष नाही, अजून एक पेपर सोडव.

कापरेकरांच्या डावात पाच-सात उसन्याच्या वजाबाक्या होतात आणि घड्याळ नसतं. चूक झाली तर बहुतेक वेळा 6174 तरीही येतोच, त्यामुळे ओरडा बसायचं कारण नाही; पायऱ्या ताडून पाहायला मात्र भावंडाला बसवा. वेग आणायचा तो मुलाचा हात बसल्यावर, शेवटच्या काही आठवड्यांत.

1975 च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकन मासिकात कापरेकरांवर लिहिलं आणि जगाला देवळाली कळली. मास्तर तेव्हा सत्तरीत होते. पेन्शन पुरत नसे, म्हणून निवृत्तीनंतर ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. 1986 साली देवळालीतच ते गेले.

चार अंक जड जात असतील तर तीन अंकी संख्येने सुरुवात करा. तिथेही एक ठरलेला मुक्काम आहे. तो कोणता, हे मुलांनाच शोधू द्या. मधे 99 आला तर तो 099 असा लिहायचा, एवढं मात्र सांगून ठेवा.