गौतमी बलश्री

नाशिक शहराच्या दक्षिणेस, मुंबईच्या वाटेवर एक डोंगर आहे. त्याचे प्राचीन नाव त्रिरश्मी. त्याच्या कड्यात कोरलेल्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. परंतु ती कोरविली पांडवांनी नव्हे. त्यांतील तिसरे भव्य लेणे बौद्ध भिक्षूंना एका राजमातेने दान दिले. तिचे नाव गौतमी बलश्री.

सुमारे १,९०० वर्षांपूर्वीची ही गोष्ट. महाराष्ट्रात राज्य करणाऱ्या सातवाहन कुळावर तेव्हा कठीण प्रसंग ओढवला होता. नहपान नावाच्या शक क्षत्रपाने त्यांचा बराच मुलूख बळकावला होता. नाशिकही त्याच्याच हाती गेले. त्याची कन्या दक्षमित्रा व जावई उषवदात यांची दाने याच डोंगरातील लेखांत नोंदलेली आहेत.

अशा वेळी बलश्रीचा पुत्र सातकर्णी पुढे सरसावला. मातेवरून तो गौतमीपुत्र म्हणवीत असे. त्याने नहपानाचा पराभव करून गेलेले राज्य परत मिळविले. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची १३ हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटविलेला आहे.

बलश्री राज्यकारभारातही लक्ष घालीत असे. माता व पुत्र यांनी भिक्षूंना एक शेत दिले होते. पण ते गाव ओसाड पडले आणि शेत पडीक राहिले. मग ते दान भिक्षूंच्या काय उपयोगाचे? गौतमीपुत्राच्या राज्याच्या २४व्या वर्षी दोघांच्या नावाने गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा गेली, आणि नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून १०० निवर्तने जमीन भिक्षूंना मिळाली. या आज्ञेत बलश्रीला जिचा पुत्र हयात आहे अशी माता म्हटले आहे.

परंतु ते भाग्य अखेरपर्यंत टिकले नाही. पुत्र निवर्तला आणि नातू पुळुमावी गादीवर बसला. त्याच्या राज्याच्या १९व्या वर्षी वृद्ध बलश्रीने तिसरे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले. त्याच्या खर्चासाठी पुळुमावीने आपल्या पित्याच्या पुण्यार्थ एक गाव दिले.

लेण्याच्या भिंतीवर बलश्रीने प्राकृत भाषेत एक मोठा लेख कोरविला. सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमणारी, व्रते व उपवास आचरणारी, एवढेच स्वतःविषयी त्यात आहे. बाकीचा बहुतेक लेख पुत्राच्या वर्णनाने भरला आहे. त्याची घोडी तीन समुद्रांचे पाणी प्याली. प्रजेच्या सुखदुःखात तो समरस झाला. शत्रूने अपराध केला तरी त्याचा जीव घेणे त्याला आवडत नसे. आणि आईची सेवा त्याने कधी चुकविली नाही.

सातवाहनांचे राज्य कधीच लयाला गेले. गौतमीपुत्राचा पराक्रम मात्र आज आपल्याला कळतो, तो मुख्यतः त्याच्या आईने दगडावर कोरविलेल्या या अक्षरांमुळे.