पिटातल्या प्रेक्षकांची नादिया

विलक्षण शक्ती असलेल्या वीरांची टोळी कॉमिकच्या पानांवरून पडद्यावर आणणारा ‘एक्स-मेन’ हा चित्रपट सन २००० मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा प्रेक्षकांची मते दुभंगली. कुणाला त्यात नव्या युगाची चाहूल लागली, तर कुणाला तो निव्वळ पोरखेळ वाटला. मुंबईच्या ग्रँट रोडने मात्र असा वाद पासष्ट वर्षे आधीच पाहिला होता. तोंडावर मुखवटा, हातात चाबूक आणि घोड्यावर मांड ठोकून अन्यायाचा समाचार घेणारी एक सोनेरी केसांची तरुणी त्या वादाच्या केंद्रस्थानी होती. तिचे नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. प्रेक्षकांच्या लेखी फिअरलेस नादिया.

८ जानेवारी १९०८ रोजी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे तिचा जन्म झाला. वडील स्कॉटिश, आई ग्रीक. वडील ब्रिटिश लष्करात असल्याने हे कुटुंब मुंबईत आले आणि पहिल्या महायुद्धात वडील कामी आल्यावर मायलेकी पोरक्या झाल्या. पुढे पेशावरच्या मुक्कामात मेरी घोडेस्वारी, नेमबाजी आणि शिकार शिकली. १९२८ मध्ये ती मुंबईस परतली तेव्हा तिच्या पदरी एक मुलगा होता. पोटासाठी तिने दुकानात विक्रेतीचे काम केले, मादाम अस्त्रोव्हा यांच्याकडे बॅलेचे धडे घेतले, त्यांच्या मंडळीबरोबर गावोगाव कार्यक्रम केले आणि काही काळ सर्कशीतही काढला. नादिया हे नाव तिला एका आर्मेनियन ज्योतिषी बाईने सुचविले, असे सांगतात.

लाहोरच्या रीगल चित्रगृहाशी संबंधित एरच कांगा यांच्यामार्फत तिची आणि जमशेद वाडिया यांची गाठ पडली. जहाजबांधणीसाठी ख्यातनाम असलेल्या वाडिया घराण्यातील जमशेद हे उच्चविद्याविभूषित गृहस्थ. धाकटे बंधू होमी यांच्यासह त्यांनी १९३३ मध्ये वाडिया मूव्हिटोनची स्थापना केली होती. परळच्या लवजी कॅसल या वडिलोपार्जित वास्तूत त्यांचा स्टुडिओ होता. डग्लस फेअरबँक्सच्या साहसपटांचे हे बंधू निस्सीम चाहते. नादियाने नंदादेवी हे नाव घ्यावे आणि काळ्या केसांची वेणी लावावी, अशी जमशेद यांची सूचना होती. तिने ती साफ धुडकावली. आपण हिंदी नाही, हे लपवून काय साधणार, असा तिचा रोखठोक सवाल होता. पडद्यावर पुढे जी धिटाई दिसली तिचा हा नमुनाच म्हणावा लागेल.

‘देशदीपक’ आणि ‘नूर-ए-यमन’ यांमधील लहान भूमिकांत प्रेक्षकांचा कल अजमावून झाल्यावर होमी यांनी ‘हंटरवाली’ हाती घेतला. कपटी प्रधान राजाला कैदेत टाकतो आणि राजकन्या माधुरी मुखवटा चढवून गोरगरिबांची कैवारी होते, हे त्याचे कथासूत्र. वितरकांनी मात्र नाके मुरडली. पिळदार अंगाची, मोडके हिंदुस्थानी बोलणारी गोरी बाई पुरुषांना उचलून फेकते, हे या देशातील प्रेक्षक पाहणार तरी कसे, अशी शंका त्यांना होती. अखेर वाडिया बंधूंनी मंचेरशा बिलिमोरिया यांच्या साथीने तो स्वतःच प्रदर्शित केला. जून १९३५ मध्ये ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात त्याचा पडदा उघडला. चित्रपट पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. हात उंचावून नादिया जी हेऽऽ अशी लांबलचक आरोळी देई, ती प्रेक्षागृहातूनही उठू लागली. हंटरवालीच्या नावाने चाबूक, पट्टे आणि काडेपेट्या बाजारात आल्या. वेताळ या नावाने मराठी वाचकांच्या परिचयाचा झालेला फँटम अमेरिकी वृत्तपत्रांत १९३६ मध्ये अवतरला, सुपरमॅन १९३८ मध्ये. मुंबईच्या पिटातल्या प्रेक्षकाला मुखवट्यातली तारणहार त्याआधीच मिळाली होती, ही बाब आजही फारशी ध्यानात घेतली जात नाही.

यशानंतर नादिया पडद्यावर एकटी राहिली नाही. तिच्याभोवती एक टोळीच जमली. शरीरसौष्ठवासाठी नावाजलेले जॉन कावस, देखणे सरदार मन्सूर, जुन्या फळीतले बोमन श्रॉफ, हमखास खलनायक सयानी आतिश ही त्यातली माणसे. पंजाब का बेटा नावाचा घोडा, गनबोट नावाचा कुत्रा आणि रोल्स रॉईस की बेटी असे भारदस्त नाव मिरवणारी खटारा मोटार यांना तर माणसांच्या बरोबरीने मान मिळे. प्रत्येकाचे काम ठरलेले. घोडा ऐन वेळी धावून येणार, कावस मोटार उचलणार, नादिया शेवटची झेप घेणार. ‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६) मधील धावत्या आगगाडीच्या टपावरील मारामारी, ‘हरिकेन हंसा’ (१९३७), ‘पंजाब मेल’ (१९३९), ‘डायमंड क्वीन’ (१९४०) आणि सिंहांच्या सान्निध्यात चित्रित झालेला ‘जंगल प्रिन्सेस’ (१९४२) अशी ही मालिका रंगत गेली. अवघड प्रसंगांसाठी बदली माणूस घेणे तिला मान्य नव्हते.

पण मते दोन होती. इंग्रजी जाणणाऱ्या सुशिक्षित प्रेक्षकाला आणि समीक्षकाला हे देमार चित्रपट तिसऱ्या दर्जाचे वाटत. १९३६ मध्येच प्रभातचा ‘अमर ज्योती’ आला. त्यातही दुर्गाबाई खोटे यांनी समुद्रावरील बंडखोर स्त्री रंगविली होती. त्या बंडाची गंभीरपणे चर्चा झाली, नादियाच्या बंडाची टिंगल झाली. वस्तुतः जमशेद राजकीयदृष्ट्या सजग होते आणि पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले. परक्या सरकारची सेन्सॉरशाही चुकवून स्त्रीशिक्षण, हिंदू-मुस्लिम ऐक्य आणि जुलमी सत्तेचा प्रतिकार हे विषय ते या मारामारीच्या गदारोळात पेरीत असत. ‘डायमंड क्वीन’ची नायिका गुंडांना झोडपते, तशीच स्त्रियांच्या साक्षरतेचीही बाजू घेते. अनुकूल मत देणारा प्रेक्षक गिरण्यांत, गोदीत राबणारा होता. त्याचे मत छापून येत नसे, तिकीट खिडकीवर मोजले जाई.

लोकाश्रय एकीकडे आणि प्रतिष्ठा दुसरीकडे, हा प्रकार महाराष्ट्राला अपरिचित नाही. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी, वडसा या परिसरात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके रात्ररात्र रंगतात आणि पंचक्रोशीतील माणसे पहाटेपर्यंत हलत नाहीत. मुंबई-पुण्याच्या नाट्यसमीक्षेत मात्र या रंगभूमीला दीर्घकाळ नाममात्र जागा मिळाली. नादियाच्या वाट्याला तेच आले, फक्त तिचा मांडव शहराच्या मधोमध होता.

या दोन मतांचा ताण खुद्द वाडिया मूव्हिटोनमध्येही शिरला. जमशेद यांना प्रतिष्ठित चित्रपटांची ओढ होती. १९४१ मध्ये त्यांनी ‘राजनर्तकी’ काढला, त्याची इंग्रजी आवृत्तीही केली. होमी यांचा भर साहसपटांवर होता. १९४२ मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. परळचा स्टुडिओ व्ही. शांताराम यांच्याकडे गेला आणि तेथे राजकमल कलामंदिर उभे राहिले. मराठी रसिकांना प्रिय असलेल्या या वास्तूत कधीकाळी हंटरवालीचा चाबूक कडाडत असे, हे अनेकांना ठाऊक नसते. होमी यांनी बसंत पिक्चर्स स्थापून १९४३ मध्ये ‘हंटरवाली की बेटी’ आणला आणि पिटातल्या प्रेक्षकांनी पुन्हा साथ दिली.

स्वातंत्र्यानंतर अभिरुची पालटली. होमी पौराणिक आणि जादुई चित्रपटांकडे वळले. नादियाचे पडद्यावरील दर्शन विरळ होत गेले. होमी आणि ती दीर्घकाळ एकमेकांचे सोबती होते, परंतु त्यांचा विवाह १९६१ मध्ये झाला. त्या वेळी ती त्रेपन्न वर्षांची होती. ‘खिलाडी’ (१९६८) या जेम्स बाँडच्या विडंबनात साठीच्या उंबरठ्यावर ती शेवटची झळकली.

त्यानंतरची दोन दशके तिचे नाव चित्रपटसृष्टीच्या इतिहासात तळटीपेपुरते उरले. पिटातल्या बाकांवर बसलेली मुले मात्र मोठी होऊन लिहू लागली होती. माथेरानला जन्मलेले नाटककार गिरीश कर्नाड यांनी १९८० मध्ये आपल्या बालपणीच्या या नायिकेवर आत्मीयतेने लिहिले. एका पिढीला धैर्य म्हणजे काय हे तिच्या आरोळीने शिकविले, असा त्यांच्या लेखाचा आशय होता. १९९३ मध्ये जमशेद यांचे नातू रियाद वाडिया यांनी तिच्यावर माहितीपट काढला. तो परदेशांतील महोत्सवांत गाजला आणि ज्या चित्रपटांना उथळ म्हटले गेले होते, त्यांवर विद्यापीठांत प्रबंध लिहिले जाऊ लागले. हे मतपरिवर्तन पाहण्यास नादिया हयात होती, एवढे तरी तिच्या नशिबी होते.

अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, ९ जानेवारी १९९६ रोजी, मुंबईत तिचे निधन झाले. होमी वाडिया २००४ मध्ये गेले. नादियावरून स्फुरलेल्या व्यक्तिरेखेचा ‘रंगून’ हा बड्या तारकांचा चित्रपट २०१७ मध्ये झळकला, पण त्याला तिकीट खिडकीवर गर्दी खेचता आली नाही.