जेलपासून ‘स्नायू’ बनवणारे आहारोन कात्झीर कोण होते?

मोटर नाही, गिअर नाही. ओल्या जेलची पट्टी आक्रसते आणि तिला टांगलेलं वजन वर उचललं जातं. आज सॉफ्ट रोबोटिक्समुळे चर्चेत असलेली ही कल्पना 70 हून अधिक वर्षं जुनी आहे. ती रुजवणाऱ्यांपैकी एक होते इस्रायली शास्त्रज्ञ आहारोन कात्झीर.

त्यांचं मूळ आडनाव कॅचाल्स्की, जन्म पोलंडमधला. 1925 मध्ये कुटुंब पॅलेस्टाईनला आलं. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात शिकलेले कात्झीर पुढे वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये पॉलिमर विभागाचे प्रमुख झाले.

आपले स्नायू रासायनिक ऊर्जेचं थेट हालचालीत रूपांतर करतात. प्रयोगशाळेत हे जमेल का? कात्झीर आणि स्वित्झर्लंडमधले वेर्नर कून यांनी 1950 च्या सुमारास ते करून दाखवलं.

हे नेमकं कसं घडतं?

पॉलिॲक्रिलिक ॲसिडच्या जेलमध्ये लांबलचक साखळ्यांचं जाळं असतं. अल्कली मिसळली की साखळ्यांवर ऋण भार येतो. त्या एकमेकींना दूर ढकलतात आणि जेल पाणी शोषून फुगतं. आम्ल मिसळलं की भार नाहीसा होतो, पाणी बाहेर पडतं आणि जेल आक्रसतं.

अडचण वेगाची होती. पाणी आत-बाहेर व्हायला वेळ लागतो; जेल जितकं जाड, तितकं मंद. आजचे संशोधकही याच अडचणीशी झुंजतात.

30 मे 1972 रोजी इस्रायलच्या लोद विमानतळावर तीन जपानी हल्लेखोरांनी गोळीबार केला. त्यात 26 जणांचा जीव गेला. कात्झीर त्यांपैकी एक होते. पुढच्याच वर्षी त्यांचे शास्त्रज्ञ भाऊ एफ्राइम इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आता प्रकाश, उष्णता किंवा विजेला प्रतिसाद देणारे जेलही बनतात. त्यांतल्या बहुतेकांची हालचाल मात्र आजही पाणी आत घेण्या-सोडण्यावरच चालते.